दोन तास चाललेला देवाप्पा

देवाप्पाच्या डोक्याला सात टाके पडले होते आणि तो मेला नव्हता, एवढीच त्याची चूक होती. मेला असता तर कंपनीने फोटोला हार घातला असता. जगला, म्हणून मेमो मिळाला.

"उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय, अक्का. नाहीतर नोकरी गेली," तो म्हणाला. शेजारी त्याची बायको विठाबाई छताकडे बघत बसली होती.

शाल्मलीचं चामराजपेटेतलं हेरगिरीचं ऑफिस उदबत्तीच्या गोदामावर होतं. तिथून गुन्हेगारसुद्धा देवळातून आल्यासारखे बाहेर पडत. तिचा जोडीदार निहार नागपूरहून आयटीत नोकरीला आला होता आणि सुटीच्या दिवशी हेर असायचा. आज सुटी होती. डोकंही सुटीवर होतं.

प्रकरण असं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात रविवारी देवाप्पा एकटाच पाण्याची टाकी धुवायला उतरायचा. एकट्या माणसासाठी कंपनीने कमरेला लावायचं एक यंत्र दिलं होतं. माणूस तीन मिनिटं हलला नाही, की गेटवरच्या महांतेशच्या आणि मॅनेजर मकरंदच्या मोबाइलवर बोंब. या रविवारी देवाप्पा जेवण करून टाकीत उतरताच घसरला. डोकं पायरीवर आपटलं आणि पायरीवरच राहिलं, म्हणून बुडाला नाही. पण बोंब झाली दोन तासांनी. तोवर, यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे, देवाप्पा येरझाऱ्या घालत होता.

"बेशुद्धीत?" निहारने विचारलं.

"तेच की वो! यंत्र दुसऱ्याकडं देऊन मी झोपा काढल्या म्हणतात. माझ्या कमरेलाच होतं ते. पिशवीत."

"पट्ट्याचा चिमटा तुटला म्हणून मी शिवली पिशवी," विठाबाई म्हणाली. "परवा ती धुताना जीव गेला माझा. चार बादल्या ओतल्या तरी फेस संपंना."

"टाकी धुताना साबण वापरता?" शाल्मलीने देवाप्पाला विचारलं.

"छे! नुसता ब्रश. साबण लावला तर सोमवारी साहेबांच्या चहाला फेस येईल."

मकरंद पुण्याचा होता. त्याच्या केबिनमध्ये सुरक्षिततेची अकरा पोस्टरं होती आणि एक खुर्ची, तीही मोडकी.

"ते यंत्रच भंगार आहे," तो म्हणाला. "दिवाळीपासून तर लाइट गेली की वाजतं. व्होल्टेजचा प्रॉब्लेम!"

निहारने मान डोलावली. व्होल्टेज म्हटलं की तो नेहमीच मान डोलवायचा.

"रविवारीही लाइट गेली होती?"

"तेव्हाच तर वाजलं. महांतेश नेहमीसारखा फोनवर म्हणाला, व्होल्टेज असेल. मी म्हटलं, या वेळी बघूनच ये. गेला, म्हणून हा वाचला. यंत्र पिशवीतच सापडलं. महांतेशला आम्ही शाल-श्रीफळ दिलं."

शाल महांतेशच्या अंगावरच होती. गेटवरच्या खोलीत तो घामाने निथळत होता. मागे कोपऱ्यात टेबलफॅन भिंतीला वारा घालत डावीकडे-उजवीकडे मान फिरवत होता.

"अण्णा, स्वल्प इकडे वळवा की पंखा," शाल्मली म्हणाली.

"राहू दे अक्का. वळवला की कुरकुरतो."

"यंत्र चार्ज कोण करतं?"

"मीच. पिशवीत घालून, तिचं बटण लावून हातात देतो. दोस्त हाय माझा. दोघं निपाणीकडचे, एका गावचे."

"पूर्वी अलार्म फार वाजायचे?"

"काय सांगू! हा दुपारी डोळं मिटून जपाला बसला की दगड. मी धापा टाकत पोचायचो आणि हा विचारणार, 'का रं, काय झालं?' दिवाळीपासून थांबलं ते."

"दिवाळीपासून जप सोडलात?" शाल्मलीने विठाबाईसोबत मागून आलेल्या देवाप्पाला विचारलं.

"जप कसा सोडीन, अक्का?"

शाल्मलीने मकरंदला तिथेच बोलावलं. चार्जिंगला लावलेलं यंत्र काढून पंख्याच्या जाळीला बांधलं. सगळे मकरंदच्या मोबाइलवर वाकले. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: देवाप्पा, हालचाल सुरू.

देवाप्पा दारात खांबासारखा उभा होता.

मग तिने पंखा बंद केला. तीन मिनिटं सगळे थांबले. विठाबाईने जांभई दिली. आणि दोन्ही मोबाइल एकदम कोकलले.

"यंत्राला बॅटरी आहे," शाल्मली म्हणाली. "लाइट गेल्याने ते का वाजेल? लाइट गेल्यावर थांबणारी वस्तू शोधायची होती. दिवाळीपासून दर रविवारी यंत्र पंख्यावर चालतंय आणि देवाप्पा निवांत जप करतोय."

"मग कमरेला काय होतं?" निहार.

"चार बादल्या फेस कशाचा? यंत्राच्याच वजनाची साबणाची वडी."

"पण यंत्र तर पिशवीत सापडलं," मकरंद म्हणाला.

"सापडलं कुणाला? टाकीपाशी एकच माणूस आधी पोचला."

शाल खांद्यावरून घसरली. महांतेशने ती उचलली नाही.

"तुझ्यासाठीच केलं रे," तो देवाप्पाला म्हणाला. "सारखा वाजला की साहेब तुलाच झापायचे. माझाही गुडघा राहिला नव्हता पळायला."

"ते जाऊ दे." देवाप्पाचा आवाज अगदी साधा होता, चहा घेणार का विचारावं तसा. "रक्त वाहत होतं माझं. ॲम्ब्युलन्स आधी बोलावलीस, का वडी आधी काढलीस?"

महांतेश खाली पडलेल्या शालीकडे बघू लागला.

"आधी काय केलंस, महांता?"

"बटण लई घट्ट होतं रे. विठावैनीनं..." तो तिथेच थांबला.

विठाबाईने तोंडाला पदर लावला. निहारला प्रकरण समजलं होतं आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

मकरंदने घसा साफ केला. "मेमो रद्द. महांतेशचं आम्ही बघतो. पण देवाप्पा, येत्या रविवारी तुमचा अलार्म कुणाच्या मोबाइलवर जोडू? तुमच्या विश्वासाचं कुणी..."

"कुणीबी चालंल, साहेब," देवाप्पा म्हणाला. "फक्त ओळखीचा नको."