रोलिग

स्वीडनमधल्या लुंड शहराच्या मेंदू-प्रयोगशाळेत, सकाळी दहा वाजता, कर्स्टनच्या मेंदूला जोडलेल्या यंत्राच्या पडद्यावर पुन्हा तोच शब्द उमटला : रोलिग.

"बघा, तिला गंमत वाटतेय," गुन्नार म्हणाला आणि त्याने विनोदी गोष्टींच्या पुस्तकाचं पान उलटलं. पक्षाघाताने त्याची बायको कर्स्टन निश्चल झाली, त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो रोज तिला वाचून दाखवी.

काचेपलीकडे, यंत्र बनवणाऱ्या चिटणीसांशेजारी, भाषातज्ज्ञ हेमांगी दातार जुन्या नोंदी चाळत होती. "चिटणीस, तुमचा हा अंतर्वाचक शब्दाचा अर्थ वाचतो की नाद?"

"नाद. मनातल्या मनात बोलताना मेंदूत जी हालचाल होते, तेवढीच. अर्थ लावायला तुम्हाला आणलंय ना, बाई."

"मग ऐका. हिचा जन्म डेन्मार्कचा. मेंदूच्या आघातात कधीकधी मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. हिची स्वीडिश गेलीय. मूळ शब्द 'रो', म्हणजे विसावा. डॅनिशमध्ये रोलिग म्हणजे शांत. स्वीडिशमध्ये तोच घसरत घसरत 'गमतीदार' झाला."

चिटणीसांनी चष्मा काढला. "म्हणजे तीन वर्षं ती त्याला गप्प बस म्हणतेय?"

गुन्नारला सांगितलं तेव्हा त्याने पुस्तक मिटलं. "लग्नाआधीही तिला माझे विनोद आवडत नसत," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो न बोलता बसू लागला. कर्स्टनला पुरता विसावा मिळावा म्हणून हेमांगीने पडदाही बंद करायला लावला. यंत्राची नोंद तेवढी आत चालू राहिली. कर्स्टनच्या हृदयाचे ठोके चार दिवस वाढत गेले आणि पाचव्या दिवशी थांबले. डॉक्टरांनी वयाकडे बोट दाखवलं.

दफनानंतर हेमांगीने त्या नोंदी उघडल्या. चार दिवसांत एकच शब्द होता, दोनशे अकरा वेळा : उरोलिग. मराठीत 'शांत'ला जसा 'अ' लागतो, तसा डॅनिशमध्ये 'उ'. कर्स्टन कुणाला गप्प बसवत नव्हती. गुन्नारच्या आवाजात आपल्याला कसं वाटतं, ते सांगत होती.

कागद घेऊन हेमांगी गुन्नारकडे गेली. काय बोलायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं, पण त्याची गरज पडली नाही.

"हा शब्द आमच्या स्वीडिशमध्येही आहे," तो म्हणाला. "ओरोलिग. याचा अर्थ मात्र बदललेला नाही."