हिवाळ्याची दुरुस्ती

"तिथं नका लावू हो. भट्टीची धग लागते."

अनोळखी माणसाला असं सांगून बसल्यावर दामिनीला स्वतःचीच लाज वाटली. डिसेंबर सुरू झाला होता, नुकतं कुठं फटफटत होतं, आणि काटोल नाक्यावरच्या चहाच्या टपरीशेजारी एक उंच, शिडशिडीत पोरगा कडुनिंबाच्या फांदीला थर्मामीटर बांधत होता. शहाण्या माणसानं अशा वेळी आपला चहा प्यावा आणि स्कूटर काढावी. पण चुकीच्या जागी लावलेलं थर्मामीटर पाहिलं की दामिनीच्या अंगावर काटा यायचा. यंदाच्या थंडीनं तो एकदाही आणला नव्हता.

तो वळला. रात्रपाळी करून तांबारलेले डोळे... आणि त्यात हसू.

"भट्टीचं सोडा," तो म्हणाला, "तुम्ही इतक्या जवळ उभ्या आहात, तुमच्या तोंडची वाफ लागंल त्याले."

"वाफ? यंदा वाफ निघूनच नाही राहिली. हे पाहा —"

तिनं गाल फुगवून मोठ्ठी फुंकर मारली. काही दिसलं नाही. मग त्यानंही मारली. त्याचंही काही दिसलं नाही. चहावाला गाळणी हातात धरून दोघांकडं बघत राहिला.

"काही खरं नाही," तो म्हणाला.

"काहीच खरं नाही," ती म्हणाली. मग एकदम तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "एक मिनिट... तुम्ही 'हुडहुडी'वाले तर नाही?"

"कळमेश्वर, कंपनीचं गेट," तो म्हणाला. "संघपाल. अन् तुम्ही?"

"टाकळी, गच्ची."

"अरे! दामिनी!" त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की तिला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली.

नागपुरात अशी माणसं आहेत आणि बरीच आहेत. पारा उतरला नाही तर त्यांना कोणीतरी आपलं काहीतरी बळकावल्यासारखं वाटतं. 'हुडहुडी' हा अशाच मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. रोज उजाडण्याआधी प्रत्येकानं आपल्या थर्मामीटरवरचं तापमान टाकायचं आणि मग दिवसभर त्यावर कीस पाडायचा. निवृत्त मास्तर लहानूजी त्या ग्रुपचे सर्वेसर्वा. दामिनी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. लोकांना उपाशीपोटी रक्त द्यायचं असायचं, म्हणून तिचा दिवस अंधारातच सुरू व्हायचा. हातमोज्यांतूनही बोटं बधिर व्हावीत, पेशंटनं दार उघडून "या, आधी शेगडीपाशी बसा" म्हणावं, यासाठी ती वर्षभर उन्हाळा सोसायची. नागपूरचा उन्हाळा सोसायचा म्हणजे काही गंमत नाही.

आणि यंदा? यंदा कधी बंगालच्या उपसागराकडून ढग यायचे, कधी नुसताच दमटपणा. सकाळ उजाडायची ती मळकट पांघरूण घेतल्यासारखी. लहानूजींची माकडटोपी अजून पेटीतच होती. मौद्याचा पियुष रोज सकाळी फिरत्या पंख्याचा फोटो टाकून सगळ्यांच्या जखमेवर मीठ चोळायचा. एकदा त्यानं थर्मामीटर फ्रिजमध्ये ठेवून चार अंशांचा फोटो टाकला, तेव्हा संघपालनं भर ग्रुपात त्याचे कान उपटले होते. 'बाकी कशाचीही मस्करी कर गा. नोंदीची नाही.'

दामिनीला तो तेव्हाच, न बघता, आवडला होता.

आता रोज बघणं झालं. कंपनीची बस त्याला नाक्यावर सोडायची, तिचा पहिला पेशंट आटोपलेला असायचा. दोघं टपरीवर उभे राहायचे आणि आभाळाच्या नावानं बोटं मोडायचे. आठवड्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. तिनं 'थकला काय गा?' विचारलं की तो 'नाही' म्हणायचा आणि त्याच वेळी जांभई द्यायचा. तिच्या गच्चीवर कळमेश्वरपेक्षा साधारण दोन अंश जास्त भरायचं. शहराच्या सिमेंटची ऊब, दुसरं काय!

डिसेंबरच्या मध्याला एका सकाळी तर्री-पोह्यांची प्लेट तिच्या हातात देत तो म्हणाला,

"दामिनी, मले तू आवडते. असंच सांगतात का दुसरं कसं सांगतात, मले माहीत नाही. मी पहिल्यांदाच सांगून राहिलो."

तर्री तिखट होती, हे तिच्या डोळ्यांतल्या पाण्याला चांगलं निमित्त झालं. 'हो' अगदी जिभेच्या टोकावर आलं... आणि तिथंच अडलं.

"सांगते," ती म्हणाली. "माझ्या गच्चीवर पारा एक आकडी आला, की त्याच दिवशी सांगते."

"बस?" तो हसला. "हप्त्याभरात येते मग."

दर वर्षी येतोच. म्हणून तर ती बोलून गेली. हप्त्याभराची सवड मिळाली तर तेवढ्यात ती बाबांना सांगणार होती.

घरात ती आणि बाबाच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबांचं इतवारीत ब्लँकेट-रजयांचं दुकान. तिला थर्मामीटरचं वेड त्यांनीच लावलं. गच्चीवरची पांढरी, झडपांची लाकडी पेटी त्यांनीच ठोकून दिलेली. ग्रुपातल्या नोंदी ती रोज जेवताना त्यांना वाचून दाखवायची. बाबा ओरडणारे नव्हते, मारणारे तर नव्हतेच. पण संघपालचं आडनाव सांगितल्यावर ते क्षणभर गप्प होतील आणि त्या क्षणात तिला न ओळखणारे कोणी वेगळेच बाबा दिसतील, याची तिला भीती वाटायची. संघपालच्या घरी प्रश्नच नव्हता. "आई म्हणते, दसऱ्याले दीक्षाभूमीवर आम्ही पाणी वाटतो, तिथं घेऊन ये तिले, हाताखाली एक माणूस होईल," असं तो सहज सांगून मोकळा झाला होता.

हप्ता गेला. नाताळ गेला. नवं वर्ष आलं ते स्वेटरशिवाय. पारा तेरावर, चौदावर नुसता लोळत पडलेला. संक्रांतीला तिळगूळ वाटताना लोकांना घाम आला. बाबा दुकानातून आले की पायरीवरच बसायचे आणि म्हणायचे, "यंदा हिवाळ्यानं चांगलाच धोका देल्ला, बाई." टपरीवरचं बोलणंही हळूहळू आटलं. तो आभाळाकडं बघायचा, ती त्याच्याकडं. तो वळला की ती आभाळाकडं. वाट बघून माणूस थकतं आणि वाट बघायला लावूनही थकतं, हे तिला त्या महिन्यात कळलं.

मग जानेवारीच्या शेवटी एका पहाटे नाकाचा शेंडा गार पडून तिला जाग आली.

ती चप्पल न घालताच गच्चीवर धावली. फरशी पायाला चावत होती. आभाळ लख्ख, धुऊन वाळत घातल्यासारखं, आणि उत्तरेकडून बारीक, धारदार वारा. तिनं पेटीची झडप उघडली. ९.६.

"आली!" ती मोठ्यानं म्हणाली. तोंडातून वाफ निघाली... खरीखुरी, पांढरी वाफ! ती एकटीच गच्चीवर लहान पोरीसारखी हसली. आणि मग तिला आठवलं, आज त्याला सांगायचं आहे.

बाबांना अजून काहीच सांगितलं नव्हतं. तिनं ग्रुप उघडला. तिनं लिहिलं : 'टाकळी, गच्ची : १०.२.'

'हुकली गा, हुकली!' लहानूजींचा मेसेज आला. पियुषनं रडणारे चेहरे टाकले. पारशिवनी, कळमेश्वर, सगळीकडं सात-साडेसात, आणि टाकळी तेवढी काठावर राहिलेली. संघपालनं एकच शब्द लिहिला : 'हुकली.'

दुपारी पुन्हा ढग आले. दोन दिवसांत घराघरांत पंखे सुरू झाले. हिवाळा तेवढाच होता. एका सकाळचा. आणि तोही तिनं खोटा करून टाकला होता.

शनिवारी टपरीवर तो आला तेव्हा त्याच्या हातात चहा होता, पण तो पीत नव्हता.

"कंपनी मले हरिद्वारच्या प्लांटले पाठवून राहिली," तो म्हणाला. "सोमवारी सांगायचं आहे, जातो का नाही ते."

"हरिद्वार..." ती म्हणाली. "तिथं थंडी असते म्हणे. खूप."

"हो. थंडीच थंडी." तो कसनुसं हसला. "आता इथं पारा एक आकडी येत नाही. मार्च लागंल. मीच चुकीच्या वर्षी इचारलं, नाही का?"

"संघपाल..."

"एक सांगू? सगळा हिवाळा मी तुझी नोंद माझ्या नोंदीशेजारी ठेवून पाहिली. रोज दोनचा फरक. त्या दिवशी एकदम पावणेतीनचा झाला."

कपात बघत ती हळूच म्हणाली, "मग बोलला काहून नाही? पियुषचे तर कान उपटले होते."

"थर्मामीटरची चूक असती तर बोललो असतो." त्यानं न प्यायलेला चहा खाली ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तोच तिला हवा होता. "तुले 'नाही' म्हणता नाही आलं, एवढंच. मी समजलो वं. थकली असशील तू पण."

तो निघून गेला. थकलेला माणूस चालतो तसा, पाय ओढत. 'तसं नाही, उलट आहे,' असं ओरडून सांगायला तिचं तोंड उघडलं... आणि तिच्या लक्षात आलं, की बाबांना सांगितल्याशिवाय हे वाक्य अर्धंच राहील. अर्ध्यावर तर तिनं त्याला सगळा हिवाळा ठेवलं होतं.

तिनं लॅबला फोन करून उरलेले पेशंट दुसऱ्या मुलीकडं दिले आणि स्कूटर सरळ इतवारीकडं वळवली.

बाबा दुकानात न खपलेल्या ब्लँकेटांच्या घड्या घालून कपाटात लावत होते, प्रत्येक घडीत डांबरगोळी ठेवत. ती समोर बसली. ब्लँकेटची दोन टोकं तिनं आपसूक धरली, दोन बाबांनी.

"बाबा, मी खोटी नोंद केली."

"माहीत आहे मले," बाबा म्हणाले. त्यांनी घडी मारली. "तुझ्या मागून मीही गेलो होतो गच्चीवर. डोळ्यानं पाहिलं. पेटी मी ठोकली वं, मले नाही कळणार? मग तू दहा काहून लिहिलं, ते इचारायची हिंमत नाही झाली माझी."

म्हणजे इतके दिवस दोघंही एकमेकांना घाबरून एका घरात जेवत होते. तिला रडू आलं आणि रडत रडतच तिनं सगळं सांगितलं. फुंकर, पोहे, गच्चीची अट, हरिद्वार. आणि शेवटी, ब्लँकेटचं टोक मुठीत घट्ट धरून, आडनाव.

बाबा गप्प झाले.

तोच तो क्षण. दुकानातला पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी हातगाडी वळवत होतं. दामिनी बाबांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. तिथं एक ओळखीचा थकवा होता आणि त्याच्या खाली काहीतरी हलत होतं, जागा करून देत होतं... सावकाश. पण तिथं दुसरं कोणी नव्हतं. बाबाच होते.

"तुझी आत्या बोलंल," ते शेवटी म्हणाले.

"हो."

"दुकानाच्या लाइनीतले लोक पण बोलतील."

"हो, बाबा."

"बोलतील तर बोलतील. मी थकलो आता लोकांचं ऐकून." त्यांनी डांबरगोळी घडीत ठेवली, ब्लँकेट तिच्या हातातून सोडवून घेतलं. "पण आधी ग्रुपात दुरुस्ती टाक. चुकीची नोंद राहू द्यायची नाही."

तिला कळायला जरा वेळ लागला. दुरुस्ती टाकली, की गच्चीवर पारा एक आकडी आला होता असं होणार. आणि तसं झालं, की... बाबांनी मान फिरवली होती, पण त्यांचे कान लाल झालेले तिला दिसले.

तिनं फोन काढला आणि डोळे पुसून लिहिलं :

'दुरुस्ती. टाकळी, गच्ची : त्या एका थंड सकाळची माझी नोंद १०.२ नसून ९.६ आहे. नोंद मी घाबरून मुद्दाम चुकीची दिली होती. थर्मामीटर बरोबर होतं. एक आकडी आली होती, आणि त्या दिवशी जे सांगायचं होतं तेही बरोबर आहे. उशीर झाला, माफ करा. — दामिनी.'

ग्रुपात एकच कल्ला उडाला. 'एक आकडी! टाकळी एक आकडी!' लहानूजींनी ओळीनं फुलं टाकली आणि लगेच दटावलं, 'मुद्दाम काहून वं दामिनी? शिस्त पाहिजे!' पियुषला काही समजलं नाही, त्यानं नेहमीप्रमाणे पंखा टाकला.

संघपालच्या नावापुढं 'टाइप करत आहे' असं आलं. गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं... रात्रपाळी करून झोपायला घरी गेलेला माणूस जागाच होता तर.

मग ग्रुपात त्याचा मेसेज आला, सगळ्यांना दिसेल असा : 'नोंद केली.'

आणि पाठोपाठ फक्त तिला : 'सोमवारपर्यंत कोण थांबते? आताच कंपनीले सांगून राहिलो, हरिद्वारले नाही जात म्हणून.'

दामिनीनं फोन छातीशी धरला. बाबांनी पाठ न वळवताच विचारलं,

"काय म्हणला?"

"नोंद केली म्हणे."

"हं." बाबांनी पुढचं ब्लँकेट उचललं, त्याची दोन टोकं तिच्याकडं केली. "उद्या रविवार आहे. जेवायले बोलाव त्याले. अन् सांग म्हणा, छाप पाडायले स्वेटर घालून येऊ नको. मरंल गरमीनं."