एक्केचाळीस नंबरचा घोळ

ऋत्विकनं संजीवनीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचा फोन त्याच्या नाकापासून चार बोटांवर होता. फोनच्या वर तिचे डोळे तेवढे दिसले. तेवढे त्याला पुरले.

“वाचा. मोठ्यानं.”

देऊळघाटच्या दूध केंद्रातली रांग माना वळवून पाहू लागली. त्यानं वाचलं, “संजीवनी नारायणराव... गाभण. चौथा महिना. पेंड वाढवा.”

“डोणगावचे पाव्हणे मले पाहाले आले होते. पोरगा माह्या फोनवर फोटो पाहून राह्यला होता, अन् हे आलं! उठून गेले ना सगळे!”

दूधवाल्यांना मेसेज पाठवणारा केंद्राचा प्रोग्राम ऋत्विकनंच लिहिलेला. “गाय नंबर एक्केचाळीस कचरूमामाची,” तो पुटपुटला, “अन् दूधवाल्यायच्या यादीत एक्केचाळीसव्या तुमी. दोन्ही नुसते आकडेच. मशीननं गाईचा नंबर घेतला... अन् माणसायच्या यादीत शोधला.”

“मंग आकड्याले सांगाव ना, का बाबा तू गाईचा हायेस!”

“सांगता येते. दोघायचा प्रकार येगळा ठेवला, तर एकाच्या जागी दुसरा चालतच नाही. प्रोग्रामच अडून बसते.”

“काऊन नाही ठेवला?”

“...कंटाळा आला.”

तिनं खुर्ची ओढली. “ठेवा आता. माह्यासमोर.”

तीन दुपारी ती त्याच्या लॅपटॉपसमोर बसली. तेवढ्यात ‘तुमी’चं ‘तू’ झालं.

“हे लाल काय व्हय?”

“चूक. इथंबी म्हैस माणसाच्या जागी घुसली होती.”

ती हसली की त्याचं बोट चुकायचं आणि आणखी एक लाल ओळ यायची. अशा ओळी बऱ्याच आल्या.

चौथ्या दिवशी लाल काही उरलं नाही. त्याला वाईटच वाटलं.

“आबांनी पाव्हण्यायले रविवारी परत बोलावलं,” ती म्हणाली. “तुह्यानं मोडलं. तूच येऊन समजावून सांग.”

नीट समजावलं नाही, तर स्थळ मोडलेलंच राहणार होतं. हा विचार ऋत्विकनं दोन दिवस मनात कुरवाळला... आणि रविवारी इतकं स्वच्छ समजावलं, की मुलाची आई म्हणाली, “म्हंजे पोरगी चांगली हाय. काढा तारीख!”

“तारीख ऱ्हाऊ द्या,” संजीवनी म्हणाली. “डेरीवाल्यानं सांगितलं, तुमाले पटलं. मले कोनी इचारलं?”

मुलाची आई पदर सावरत उठली. पाहुण्यांची जीप निघून गेली.

ऋत्विक अंगणात लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिला. गुंडाळलेली पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

“मी... इचारू?”

“काय?”

“माह्यासंग... लग्न...”

“पुरं बोल ना बे.”

“करशीन?”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तेच डोळे, फक्त मध्ये फोन नव्हता.

“हाव,” ती म्हणाली आणि घराकडे वळून ओरडली, “आबा, पाव्हण्यायसाठी टाकलेली सतरंजी उचलू नका!”