शून्य क्रमांकाची गोटी

ल्याव पेइ-शान त्या दिवशी लाओकेंगला गेली ती नुसती चित्रं दाखवायला. मोठ्या कागदांवर छापलेला रंगीत डोंगर तिनं सुरळी करून गाडीत मागं टाकला, वाटेत सोयाबीनच्या गरम दुधाचा पेला घेतला आणि चहाच्या मळ्यांमधून चढत दहाच्या सुमारास ती गावात पोचली. ऑक्टोबर होता. आभाळ निवळलेलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी एका वादळात लाओकेंगचा डोंगर वरच्या आळीवर कोसळला होता. तेरा माणसं गाडली गेली. बारा सापडली. आता त्याच ढिगाऱ्यातून नवा रस्ता न्यायचा होता. खोदायचं कुठं आणि हात लावायचा नाही तो कुठं, हे सांगायचं काम पेइ-शानकडे होतं. तिची रीत अशी, की संगणकात सगळा डोंगर गोट्यांचा रचायचा. चार लाख गोट्या, प्रत्येक गोटी आपल्या शेजारणींना चिकटवलेली. मग पाऊस मुरवायचा, चिकटपणा सुटू द्यायचा आणि डोंगर कसा खाली येतो ते बघायचं. खरं काम हे बघण्याचंच. संगणक नुसते आकडे ओकतो. कुठल्या गोटीला कुठला रंग द्यायचा, छेद कुठून घ्यायचा, बाण कशाचे काढायचे, हे ज्याला उमगलं त्यालाच डोंगर उमगला. पेइ-शानला ते उमगत होतं, आणि आपल्याला उमगतं हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

देवळासमोरच्या फरशीवर तिनं कागद पसरले. माणसं भोवती उकिडवी बसली.

"आमच्या डोंगराच्या साखरगोळ्या केल्यात की हो बाई!" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

फान थिंग-फू मात्र हसला नाही. चौऱ्याहत्तरीचा हा म्हातारा वरच्या आळीत एकटाच राहायचा. दरड आली तेव्हा तो खाली चहाच्या कारखान्यात होता, बायको घरी होती. घर वाहून गेलं. त्यानं त्याच जागी पत्र्याची खोली उभी केली आणि सरकारनं किती नोटिसा दिल्या तरी तो तिथून हलला नाही. न सापडलेलं तेरावं माणूस म्हणजे त्याची बायको, छिउमोई.

"पोरी," तो म्हणाला, "तुझ्या या गोट्यांना माझी बायको कुठंय ते सांगता येईल?"

दुसरं कुणी असतं तर चाचरलं असतं.

"येईल, फानकाका," पेइ-शान म्हणाली. "तुमच्या घराखालच्या गोट्या लाल रंगवते. त्या शेवटी कुठं जाऊन बसतात ते बघायचं. पाच मीटर इकडंतिकडं होईल, त्याहून जास्त नाही."

म्हातारा मान हलवून उठला.

शहरात परतल्यावर तिनं घराखालच्या दोनशे बारा गोट्या लाल केल्या आणि मॉडेल चालू केलं. तीन दिवस संगणक घरघरत राहिला. चौथ्या दिवशी सकाळी तिनं चित्र काढलं. लाल गोट्या एकशे एकाहत्तर मीटर खाली, ओढ्याकाठी गोळा होऊन बसल्या होत्या. अगदी तिच्या अंदाजाप्रमाणे. सवयीनं तिनं त्या मोजल्या.

दोनशे तेरा होत्या.

ती जास्तीची गोटी घोळक्यात नव्हती. ती वर होती, उतारावर, एकटी. इतरांपेक्षा लहान. गोट्यांचे क्रमांक एकपासून सुरू होतात. हिचा क्रमांक शून्य होता. पेइ-शाननं बाण काढले. कोण कुठून निघून कुठं पोचलं हे दाखवणारे बाण. चार लाख बाण खाली झुकलेले, आणि त्यांच्या गर्दीत एकच बारीकसा बाण वर तोंड करून उभा होता.

तिच्या शेजारी बसणारा तंग काय-लुन मान लांब करून डोकावला. "बग आहे. उडव तिला आणि जेवायला चल."

"चार लाखांतली एक वर चढतेय, काय-लुन. सगळं थांबल्यानंतर निघालीय."

"मग जिममध्ये जात असेल."

ती जेवायला गेली नाही. तिनं त्या एकट्या गोटीच्या प्रवासाचा आलेख काढला. आडवा काळ, उभी उंची. रेघ जिन्यासारखी आली. थोडं चढायचं, थांबायचं. परत थोडं चढायचं, थांबायचं. दमलेलं माणूस चढतं तसं.

तिनं गोट्या नव्यानं रचून, दुसऱ्या संगणकावर मॉडेल पुन्हा चालवलं. मग तिसऱ्यांदा. दर वेळी दोनशे तेरा. शून्य क्रमांकाची गोटी दर वेळी त्याच वाटेवर, फक्त आधीपेक्षा थोडी पुढं. पहिल्या आणि तिसऱ्या चित्रात अकरा दिवसांचं अंतर होतं. गोटी एक वीत सरकली होती. पेइ-शाननं कागदावर हिशेब मांडला. अकरा दिवसांत एक वीत, या चालीनं बावीस वर्षांत किती? एकशे चाळीस मीटर. ओढ्यापासून गोटी नेमकी तेवढीच वर आली होती. फानच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत अजून एकतीस मीटर उरले होते.

तिच्या मानेवर काटा आला. पण तिनं चित्र मिटलं नाही. उलट तिथं फुली मारली, गोटी जमिनीखाली किती खोल आहे ते मोजलं (साडेसहा मीटर) आणि रस्त्याच्या ठेकेदाराला फोन लावला.

"रस्त्यासाठी माती तपासायला भोकं पाडताय ना, त्यातलं चौथं मी सांगते तिथं पाडायचं."

ठेकेदाराचा मुकादम लो म्हणून होता, दणकट आणि तोंडाळ. साइटवर ती उतरली तशी त्यानं सुरुवात केली. "मॅडम, तिथं रस्ता जात नाही, शेळीसुद्धा जात नाही. तुमच्या गोट्यांनी सांगितलं वाटतं?"

"हो. साडेसहा मीटरवर तुमचा दांडा पोकळीत पडेल. नाही पडला तर सगळ्यांचं जेवण माझ्याकडून."

"भरावात पोकळी? मॅडम, बदक मागवून ठेवा, अख्खं."

दुपार टळत आली तसं खालून धुकं चढलं. आधी ओढा गेला, मग देऊळ, मग मळे. राहिलं फक्त यंत्र, पिवळे रेनकोट घातलेली पाच माणसं आणि चार हात लांब एका दगडावर बसलेला फान. यंत्र घुरघुरत होतं. पाच मीटर. सहा. सव्वासहा...

आणि दांडा सटकन खाली गेला. हातभर. यंत्र बंद पडलं.

लोखंडी नळीच्या तोंडातून आवाज येत होता. फार बारीक. सूप पाखडावं तसा, किंवा तळहातानं कुणी माती बाजूला सारावी तसा. सर्र... सर्र... मग थांबायचा. मग पुन्हा.

"पाणी असेल," लो कुजबुजला.

"पाणी थांबून थांबून वाहत नाही," पेइ-शान म्हणाली.

मग वास आला. साडेसहा मीटरखालच्या मातीतून, जिथं हवासुद्धा शिळी असायला हवी, तिथून ताज्या भाजलेल्या तिळाचा वास आला. जरासा करपलेला. फान दगडावरून उठला आणि नळीपाशी येऊन गुडघ्यावर बसला.

"त्या दिवशी ती चहाच्या पानांबरोबर कुटायला तीळ भाजत होती," तो हळूच म्हणाला. "कायम करपवायची. चाळीसदा सांगितलं असेल, चुलीपुढून हलत जाऊ नकोस म्हणून..." त्यानं नळीवर तळवा ठेवला. "छिउमोई. मी आहे गं इथंच."

आतला आवाज थांबला.

लोनं टोपी काढली. त्यानं पुढं बदकाचं नाव काढलं नाही.

खड्डा खणायला नऊ दिवस लागले. बाजूंना फळ्या आणि लोखंडी आधार ठोकत, बादलीबादलीनं. पेइ-शान रोज यायची, मजुरांबरोबर डब्यातला भात खायची आणि आधार कुठं ठोकायचा ते स्वतः दाखवायची. खड्डा ढासळला नाही. नवव्या दिवशी, सकाळच्या स्वच्छ उन्हात, छिउमोई सापडली.

पोलीस आले, डॉक्टर आले. हाडं होती, निळ्या सुती कापडाच्या चिंध्या होत्या, हातात जेडची हिरवी बांगडी होती. फाननं बांगडी पाहिली आणि मान डोलावली. छिउमोई पालथी होती, डोकं चढाकडे. दोन्ही हात पुढं. डॉक्टर बोटांची झिजून आखूड झालेली हाडं निरखत बसला आणि कागदावर काही न लिहिताच उठला.

तिच्या पायांमागं वाट होती. बॅटरीचा उजेड पोचेल तिथवर, ओढ्याच्या दिशेनं उतरत गेलेली, माणसाच्या खांद्याएवढी रुंद आणि आतून दाबून गुळगुळीत केलेली.

"हे प्राण्याचं काम आहे," पोलीस म्हणाला.

फान खड्ड्याच्या कडेला उभा होता. रडला नाही. पेइ-शानकडे वळून म्हणाला, "पाच मीटर म्हणाली होतीस. तू तर वीतभरही चुकली नाहीस, पोरी." मग तो वर खोलीकडे निघाला. तिला आणायच्या आधी घर झाडून ठेवायला हवं, म्हणाला.

पेइ-शानला मोकळं वाटलं. शब्द दिला होता, तो पुरा झाला होता. भीती होती तीही उन्हात विरल्यासारखी झाली होती. हाडं पेटीत ठेवून खड्ड्याबाहेर काढल्यावर ती शेवटची मापं घ्यायला शिडीनं खाली उतरली, आणि तेव्हा तिला ते दिसलं. छिउमोईचे हात जिथं होते त्याच्याही पुढं, चढाच्या बाजूला, मातीत एक भोक होतं. मागच्या वाटेपेक्षा खूप अरुंद. जेमतेम वीतभर.

"लो," तिनं हाक मारली. "गटारं तपासायचा कॅमेरा आहे ना तुमच्याकडे? कडक केबलचा? द्या खाली."

केबल विनाअडथळा आत सरकू लागली. लो कडेला बसून मीटर मोजत होता, पेइ-शान पडद्याकडे बघत होती. दहा. पंधरा. भिंती ओल्या, काळ्या. वीस.

"त्या घरात आणखी कुणी होतं का हो?" लोनं विचारलं.

"नाही. दोघंच होते. मी नोंद वाचलीय."

"मग हे..."

"मोजा, लो."

पंचवीस. अठ्ठावीस. तीस. एकतिसाव्या मीटरला पडद्यावर उजेड आला. आधी काही कळेना. मग लाकडी फळ्या दिसल्या, खालून दिसाव्यात तशा. खाटेचे दोन पाय. खाटेपलीकडे रबरी बूट, मागंपुढं होणारे, आणि केरसुणीचं टोक. फान घर झाडत होता.

कॅमेरा त्याच्या खाटेखालच्या भोकातून वर डोकावत होता.

पेइ-शाननं चित्र स्थिर केलं आणि भोकाची कड मोठी करून पाहिली. आकडे असोत की चित्र, ती पहिल्या नजरेत वाचायची. हेही तिनं वाचलं. उकरलेली माती कुठंच नव्हती. भोक ताजं नव्हतं. त्याची कड, घराच्या उंबऱ्याची असते तशी, रोजच्या येण्याजाण्यानं झिजून चकचकीत झाली होती. आणि छिउमोई तर इथून एकतीस मीटर अलीकडेच थांबली होती.

वर म्हातारा केर काढत होता. काहीतरी गुणगुणत असावा. बूट तालात हलत होते.

"मॅडम?" लोचा आवाज वरून आला. "काय दिसतंय?"

"केबल मागं घ्या," ती अगदी हलक्या, स्थिर आवाजात म्हणाली. "सावकाश. कडेला कुठं लागू देऊ नका."