तिथंच धरा

ही हकीकत खरी आहे. तुम्हाला पटली नाही तर माझी काही हरकत नाही. मलाही ती पटू नये असंच वाटतं.

पण सांगणारी माझी मालनमामी. ती आमटीतसुद्धा जास्तीचं मीठ घालत नाही, गोष्टीत कुठून घालणार?

साल त्र्याहत्तर. सिंहगडावर टीव्हीचा मनोरा नुकताच उभा राहिला होता. थंडीचे दिवस, गुरुवारची संध्याकाळ. जागा नगर-पाथर्डी रस्त्यावरचा करंजी घाट.

माझे मामा गहिनीनाथ रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना दुकान नव्हतं आणि घरही नव्हतं. फिरत्या सिनेमावाल्याची एक जुनी बेडफर्ड गाडी त्यांनी लिलावात उचलली होती, तिच्यातच दोन्ही. पुढं मामा, मधे उघडे पडलेले रेडिओ, मागं स्टोव्ह, बाज आणि मामी. आज तिसगावचा बाजार, परवा जामखेडचा. मामी म्हणायची, एका गावात काढलेला केर मी दुसऱ्या गावात टाकते.

मामीला घर हवं होतं. बाकी काही नको, फक्त एका जागी उभं राहणारं घर.

तिसगावात बनुबाईच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. मातीच्या भिंती, वर पत्रे, दारात लिंब. बनुबाईनं निरोप धाडला होता, शुक्रवारी या, न्हाईतर दुसऱ्याला देते.

आणि नेमका त्याच आठवड्यात मामांनी टीव्ही आणला.

बोटीवर नोकरी करणाऱ्या दोस्ताकडून मिळालेला जर्मन संच, तेलाच्या डब्याएवढा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. मामांचं म्हणणं, चित्र हवेतून येतं आणि हवा फुकट आहे. कुणीतरी सांगितलं, त्याला लायसन लागतं. मामा म्हणाले, लायसनवर पत्ता घालावा लागतो, आणि आपल्याला पत्ता कुठाय? फिरत्या घराचा त्यांना आयुष्यात झालेला हा एवढाच फायदा.

शेवटी नवरा-बायकोत तडजोड झाली. घाटमाथ्यावर चित्र स्वच्छ आलं, तर गाडीतच राहायचं. नाही आलं, तर उद्या बनुबाईच्या खोल्या.

मामा शिडीनं गाडीच्या टपावर चढले. हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला ॲंटिना. तिची वायर खिडकीतून आत टीव्हीला. मामांनी वरून बांबू फिरवायचा आणि चित्र आलं का गेलं, ते आत बसून मामीनं ओरडून सांगायचं.

म्हणजे न्यायाधीशाच्या खुर्चीत मामांनी स्वतःच्या हातानं फिर्यादीला बसवलं.

टीव्हीवर नुसत्या मुंग्या होत्या. घरघर आवाज. मग एकदम मुंग्या विरळ झाल्या आणि बातम्या देणारी बाई दिसली. कपाळावरच्या कुंकवासकट.

"आलं का?" मामा वरून म्हणाले.

"न्हाई," मामी म्हणाली. "मुंग्याच हायेत."

मामांनी बांबू फिरवला. बाई गेली. पुन्हा आली. मामीनं पुन्हा तिला मुंग्यांत काढलं.

असं बराच वेळ चाललं. सूर्य बुडाला. दरीतून गार वारा वर यायला लागला...

मग वरचा आवाज थांबला.

मामी वाट बघत राहिली. टपाचा पत्रा वाजेना. वायरही हलेना.

थोड्या वेळानं पत्रा वाजला. कुणीतरी जपून पाऊल टाकावं, तसा... बांबू करकरला.

मामीला हायसं वाटलं. बाई पुन्हा दिसायला लागली होती, म्हणून ती म्हणाली, "अहो, जरा डावीकडं घ्या." चित्र बिघडावं हा हेतू.

बांबू डावीकडं फिरला.

चित्र आणखी स्वच्छ झालं.

"अहो, उलटं घ्या."

उलटा फिरला. चित्र त्याहून स्वच्छ. आता बाईच्या कानातले मोतीसुद्धा मोजता आले असते.

वरून मामा एकदाही 'आलं का' म्हणाले नाहीत.

बातम्या संपल्या. शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला. पडद्यावर एक घर आलं. साधंच. सारवलेली ओटी, तुळस, आणि एक बाई अंगणात सडा टाकतेय. थेंब मातीवर पडताना दिसत होते.

मामी बघतच राहिली. तडजोड विसरली, बनुबाई विसरली. तिच्या तोंडून निघून गेलं...

"अहो, तिथंच धरा. अजाबात हलू नका."

पत्रा गप्प झाला. वारा होता, पण वायरसुद्धा हलेना.

आणि गाडीच्या दारात मामा उभे राहिले. एका हातात चहाची किटली, दुसऱ्यात सुतळी.

"कुनाला धर म्हनतीस गं?"

बांबू बांधायला सुतळी हवी, म्हणून ते केव्हाच उतरून खालच्या वळणावरच्या हॉटेलात गेले होते. बांबू टपावर आडवा टाकून. बायकोला सांगून जायची त्या काळी पद्धत नव्हती.

मामीनं फक्त बोट वर केलं.

त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. 'अहो' म्हटलं की ज्याची बायको त्यानं ओळखायचं. घरात ते चालतं. घाटात, अंधार पडल्यावर, टपाकडं तोंड करून म्हटलं तर कोण ओळखेल, याचा विचार तोवर कुणी केला नव्हता.

मामा शिडीवर चढले. टपावर कोणी नव्हतं.

बांबू मात्र सरळ उभा होता. न बांधलेला. वाऱ्यात, टपाच्या मधोमध.

मामांनी त्याला हात घातला. हलेना. समोरून कुणी घट्ट धरल्यासारखा. आणि त्यांच्या हाताच्या वर, वीतभर अंतरावर, बांबू कोमट होता...

मामा उतरले आणि त्यांनी गाडीला चावी मारली. टीव्ही चालूच राहिला. बटन बंद करायला दोघांपैकी कुणाचा हात होईना.

गाडी घाट उतरायला लागली. मामी मागच्या खिडकीतून वर बघत होती.

गाडी उजवीकडं वळली की ॲंटिना डावीकडं फिरायची. गाडी डावीकडं, की ती उजवीकडं. तोंड सारखं पुण्याकडं.

सगळ्या वळणांत एक मुंगी आली नाही.

तिसगावच्या वेशीत गाडी थांबली. मामांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ते हळूच म्हणाले, "मालन, उद्या खोल्या घेऊ."

मामी जिंकली होती. गाडीत काढलेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा तिचा जीव खाली बसला. आनंदात, सवयीनं, ती मोठ्यानं बोलून गेली, "अहो, चला आता घरी."

वर बांबू खाडकन आडवा पडला.

पत्रा वाजला. मग शिडीची एकेक पायरी वाजली... खालच्या पायरीपर्यंत.

दोघांनी मागं बघितलं नाही.

शुक्रवारी बनुबाईच्या खोल्यांत बिऱ्हाड लागलं. गाडी विकली, टीव्ही विकला. मामीनं ओटी सारवली, तुळस लावली. आणि नवऱ्याला 'गहिनीनाथ' अशी नावानं हाक मारायला लागली. गावात बोभाटा झाला. मामीची जाऊ राहीबाई सांगत आली, की असल्यानं नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. मामी म्हणाली, "होऊ द्या वन्सं, पन हाक ज्याची त्यालाच जाऊ द्या." राहीबाईला यातलं काय कळलं, देव जाणे. आपण जाऊ असून वन्सं म्हटल्याचाच तिला राग आला.

पुढल्या वैशाखात वादळ झालं. अख्ख्या आळीचे पत्रे उडाले. काही ओढ्यापलीकडं सापडले, काही सापडलेच नाहीत.

मामीच्या घराचा एक पत्रा हलला नाही.

गावानं पुण्याई म्हटलं. पण वादळ चालू असताना वरून काय आवाज येत होता, ते मामीनं ऐकलं होतं. पत्र्यावर पाय रोवून कुणीतरी धापा टाकत होतं...

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी मी तिसगावला गेलो होतो. आढ्याची लाकडं पोखरलेली, भिंत ओल धरून फुगलेली. माझा इंजिनियर भाचा सोबत होता. तो वर बघून म्हणाला, हे छप्पर कशाच्या आधारावर उभंय तेच कळत नाही.

भाचा बाहेर गेल्यावर मी मामीला विचारलं, पत्र्यावरच्याला एकदा 'सोडा' म्हणून का टाकत नाहीस?

मामी तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली,

"म्हनले असते रे. पन आता त्यानं काय काय धरून ठिवलंय, ते मला कुटं ठावं हाय?"

त्या दिवशी मला मुक्कामाचा आग्रह झाला. मी जेवणसुद्धा ओट्यावर, उघड्या आभाळाखाली केलं.