काचेच्या डोळ्यातली

या, दिव्यापाशी सरकून बसा. घाबरू नका, या गोष्टीत कुणाचं वाईट झालेलं नाही. माझं तर बरंच झालं.

माझा स्टुडिओ म्हणजे एक खोली, काळा पडदा, स्टूल, मुठीत मावेलसा मिररलेस कॅमेरा आणि रिंग लाइट. गोल दिव्याच्या मधोमध स्टँडवर कॅमेरा, त्याच्यामागे मी. या दिव्याची एक गंमत आहे. समोरच्या माणसाच्या दोन्ही डोळ्यांत पांढरं कडं उमटतं, आणि फोटो मोठा करून पाहिला की त्या कड्यात फोटो काढणारीही दिसते, काळ्या ठिपक्याएवढी. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो. मी मात्र दर फोटोत स्वतःला शोधते. एकटीनं काम करणाऱ्याला असले चाळे लागतातच.

एका दुपारी एक काका आले. निवृत्त वेल्डर. कामावर ठिणगी उडून डावा डोळा गेलेला, त्या जागी काचेचा बसवलेला.

"पोरी, दोन्ही डोळे जिवंत दिसतील असा फोटो निघेल का?" त्यांनी विचारलं. "नात लांब राहते. फोनवर मला पाहिलं की भोकाड पसरते. पुढच्या महिन्यात पहिल्यांदा येतेय. आधी फोटो पाठवतो, म्हणजे सवय होईल. दारातच मला बघून रडली तर... मी कुठं तोंड लपवू?"

"त्यात काय मोठंसं काका, या दिव्याचं कामच ते," मी म्हटलं. खोटं नव्हतं. खऱ्या डोळ्यात जे कडं उमटतं, तेच काचेतही उमटतं.

पडदा ओढला, बाकीचे दिवे मालवले. रस्त्याचा आवाज बाहेरच राहिला. रिंग लाइटची बारीक गुणगुण, तापलेल्या प्लास्टिकचा वास, आणि मध्येच कुठूनसा धुतलेल्या कपड्यांचा, साबणाचा वास. स्टुडिओत मी कधी कपडे धुतलेले नाहीत.

माझा कॅमेरा माणसाचा डोळा ओळखून त्यावर बारीकशी चौकट बसवतो. सहसा जवळचा डोळा धरतो. म्हणून मी काकांचा उजवा, खरा डोळा पुढे येईल असं त्यांना बसवलं. चौकट मात्र पुन्हा पुन्हा उडी मारून काचेच्या डोळ्यावर जायची.

"काका, हलू नका."

"मी कुठं हललो?"

शेवटी तसाच फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा करून पाहिला. खऱ्या डोळ्यात कडं, आणि कड्यात मी. काचेच्या डोळ्यात कडं, मी... आणि माझ्या खांद्याला खांदा लावून एक बाई.

मी गर्रकन मागे वळले. पडदा. भिंत. कुणी नाही.

"काका... तुमच्या त्या डोळ्यात..." मागे सरत सरत मी भिंतीला टेकले.

त्यांना वाटलं, मी डोळ्याचं कौतुक करतेय. "छान जुळलाय ना रंग? आमच्या हिनं निवडलाय. दुकानदाराला नुसतं भंडावून सोडलं होतं. मनासारखा मिळेपर्यंत हलली नाही." ते गालातल्या गालात हसले. "नातीचं तोंड पाहायला मात्र थांबली नाही."

आणि कॅमेऱ्याचा खटका वाजला. मी भिंतीशी होते... हात खाली.

त्या फोटोत काका असे काही हसले होते, की भीती बाजूला ठेवून मी तोच छापून दिला. डोळे मोठे करून पाहायचा मात्र धीर झाला नाही.

पुढच्या महिन्यात काका नातीला कडेवर घेऊनच आले. ती त्यांचा कान ओढत होती.

"दारातच गळ्यात पडली, पोरी!" त्यांचा आवाज कापत होता. माझेही डोळे भरून आले. नातीनं सगळी खोली न्याहाळली आणि विचारलं, "आजी कुठंय? फोटो काढणारी?"

"अगं, फोटो या ताईनं काढलाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ठामपणे मान हलवली. "ही नाही."

ते गेल्यावर मी दार लावलं आणि तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. खऱ्या डोळ्यातल्या कड्यात नुसता कॅमेरा, त्याच्यापाशी कुणी नाही; मी लांब, भिंतीशी एकटी. काचेच्या डोळ्यात ती. कॅमेऱ्यावर वाकलेली, एक हात खटक्यावर. दुसरा हात तिनं मागे लांबवला होता, आणि भिंतीशी उभ्या असलेल्या माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

आता तोच फोटो दर्शनी काचेत लावलाय. त्यानं माझं काम वाढलं, हे नाकबूल कसं करू? लोक थांबतात, म्हणतात, काय सुंदर काढलाय! मी मनापासून "थँक्यू" म्हणते. तेवढ्यात मनगट गार पडतं, आणि गिऱ्हाईक निघून गेल्याशिवाय मला तो हात उचलता येत नाही.