ओला कागद

खोटं वाटत असेल तर इथंच थांबा. मला कुणाची समजूत काढायची नाही. १९७८ सालचा मे महिना, कळंब्यातलं आमचं घर, दुपारचे तीन. मी तिथं होतो.

माझे थोरले भाऊ, आण्णा, शाळेत चित्रकलेचे मास्तर. घरात आम्ही दोघंच. सुट्टी लागली की ते एसटीनं कोकणात जायचे आणि जलरंगात दीपगृहं रंगवायचे. त्यांचा एकच कायदा. ओल्या कागदावर रंग वाहता असला की मध्ये थांबायचं नाही. थांबलं की डाग पडतो, चित्र वाया. घरी रंगवत असले तर तेवढा वेळ मीही खोलीचं दार उघडायचं नाही.

आदल्या दिवाळीत ते जिवलग मित्राला, गुंडूला, घेऊन गेलते. दीपगृह किती उंच आहे ते चित्रात कळावं म्हणून त्याला खाली खडकावर उभं केलं.

भरती आली.

गुंडूनं हाक मारली.

आण्णा आभाळ रंगवत होते. दोन मिनिटांचं काम उरलं होतं...

मान वर केली तेव्हा खडक रिकामा होता.

त्यानंतर घरी बसून आठवणीनं काढलेल्या प्रत्येक चित्रात खडकावर एक जागा कोरी राहायला लागली. तिथं रंग धरायचाच नाही. उभ्या माणसाचा आकार... हात वर केलेला.

"आण्णा, सोडा की ह्यो नाद!" मी भांडलो.

"गुंडूला रंगात बसवल्याबिगर सुटका न्हाय, आक्या."

त्यांचं जेवण सुटलं होतं. माझा भाऊ डोळ्यांदेखत चालला होता आणि माझ्या हातात काही नव्हतं.

त्या दुपारी ते दार लावून बसले. मी बाहेर, पुढच्या सोप्यात.

आधी भांड्यात ब्रश खळबळल्याचा आवाज येत होता.

मग तो थांबला.

मग... लाटांचा आवाज. कळंब्याच्या तळ्याला कधी लाट आलेली बघितलीय का कुणी?

"आक्या..."

मी उठलो. दाराला हात लावला आणि थांबलो. कागद ओला असंल. चित्र वाया गेलं तर आण्णा तोडून बोलतील.

"आक्या, ये की रं..."

मी दोन मिनिटं तसाच उभा राहिलो. मग दार ढकललं.

खिडकीला गज. दुसरं दार नाही. आण्णा नव्हते. चपला खाटेखाली तशाच.

फळीवर कागद होता. आभाळ पुरं झालेलं, एक डाग नाही. खडकावर मात्र...

दोन कोऱ्या जागा. दोघांचेही हात वर.

पोलीस झाले, तळं झालं, विहिरी झाल्या. आण्णा सापडले नाहीत.

ते चित्र जाळायला माझा हात धजत नाही. अजून एखाद्या दुपारी त्या खोलीतून हाक येते. आता मी पहिल्या हाकेलाच धावतो. ताटावरून उठतो, दार उघडतो.

आत कुणी नसतं. कागद तेवढा ओला असतो.